व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमधील गुणगुण : दुरुस्तीच्या नोंदी

८ जून २०२४

दुरुस्तीला आलेला अ‍ॅम्प्लिफायर हा फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकातील ‘डिलक्स’ या यंत्राच्या ५ई३ आराखड्यावरून कुणीतरी हौसेने हाताने बांधलेला आहे. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टसाठी इथेच गुंडाळून घेतलेला दिसतो. पहिल्या टप्प्यावर १२एवाय७ हा व्हॉल्व्ह (काचेची निर्वात नळी), दुसऱ्यावर १२एएक्स७, शेवटी पुश-पुल जोडणीतील, म्हणजे एकमेकांच्या उलट चालणारे, दोन ६व्ही६ आणि एचटीसाठी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजसाठी, ५वाय३ रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा व्हॉल्व्ह), एवढाच याचा पसारा आहे. चोक (एचटी गुळगुळीत करणारी गुंडाळी) नाही आणि निगेटिव्ह फीडबॅकही (आउटपुटचा काही भाग उलटा करून मागे देण्याची सोय) नाही. फीडबॅक असलेल्या यंत्रात शेवटच्या टप्प्यातील गुणगुण काही अंशी आपोआप दाबली जाते; या आराखड्यात तशी सोय नसल्यामुळे जे काही निर्माण होईल ते जसेच्या तसे स्पीकरपर्यंत पोहोचते.

मालक गिटारवादक आहे आणि त्याची तक्रार एका वाक्याची आहे : “वाजवताना कळत नाही, पण गाणं थांबलं की हा नुसता हं करत बसतो.” प्रत्यक्ष ऐकल्यावर मात्र एकच आवाज आहे असे वाटले नाही. दोन्ही चॅनेलचे व्हॉल्यूम शून्यावर असतानाही भरीव गुणगुण येते. व्हॉल्यूम अर्ध्यापुढे नेल्यावर तिच्यात धारदार घरघर मिसळते. मधूनच चटचट असा आवाज येतो. आणि व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर होते. या चारही आवाजांची कारणे वेगवेगळी असण्याची शक्यता अधिक आहे. म्हणून प्रत्येकाची नोंद स्वतंत्र ठेवणार आहे आणि एका वेळी एकच बदल करणार आहे.

गुणगुण कशाची आहे, याचा प्राथमिक अंदाज गिटारवरच घेता येतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे फिलामेंटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तंतूच्या, तारांतून शिरलेली गुणगुण ५० हर्ट्झची असते. पूर्ण तरंगाच्या रेक्टिफायरनंतर एचटीवर जो चढउतार उरतो तो १०० हर्ट्झचा असतो. सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीत वाजणारा स्वर ९८ हर्ट्झचा आहे. तो हलकेच छेडून कान स्पीकरजवळ नेला तेव्हा गुणगुणीबरोबर त्याची सेकंदाला साधारण दोन आंदोलने स्पष्ट ऐकू आली. म्हणजे मुख्य गुणगुण १०० हर्ट्झची आहे आणि शोधाची सुरुवात एचटीपासून करायला हवी. परदेशी पुस्तके वाचून काम करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की त्यांतील ६० आणि १२० हे आकडे आपल्याकडे लागू होत नाहीत.

सुरक्षिततेची नोंद एकदाच करून ठेवतो. आत ३५० व्होल्टच्या आसपास डीसी आहे आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये राहू शकते. प्रत्येक वेळी १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून ती उतरवायची, मीटरने खात्री करायची आणि मगच हात घालायचा. स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालू करायचे नाही.

९ जून

आज मोजमापाची पद्धत ठरवली. ८ ओहमच्या स्पीकरच्या टोकांवर एसी मिलिव्होल्ट मोजायचे, आणि तोच संकेत लॅपटॉपला देऊन ५० आणि १०० हर्ट्झचे घटक वेगळे करून पाहायचे. दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर ठेवून पहिली नोंद अशी : १०० हर्ट्झचा घटक ३८ मिलिव्होल्ट, ५० हर्ट्झचा ६ मिलिव्होल्ट, मीटरवर एकत्रित ३८.५. शक्तीच्या हिशेबाने हे जेमतेम ०.१८ मिलिवॅट होते, पण गिटारचे स्पीकर इतके कार्यक्षम असतात की शांत खोलीत तेवढेही पलीकडच्या भिंतीपर्यंत ऐकू येते.

वरच्या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. वेगवेगळ्या कंपनसंख्येचे आवाज मीटरवर सरळ बेरजेने मिळत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. आज मी सगळी फिलामेंटची तार बदलून ५० हर्ट्झचा घटक पूर्ण नाहीसा केला असता, तरी मीटर ३८.५ वरून ३८ वर आला असता आणि कानाला काहीच फरक जाणवला नसता. “फिलामेंटचं वायरिंग बदलून पाहिलं, काही उपयोग झाला नाही” असे जे नेहमी ऐकायला मिळते, त्यामागे बहुतेक वेळा हाच हिशेब असतो. मोठ्या आवाजाच्या आड लहान आवाज लपतो आणि त्याच्यावर केलेले चांगले काम वाया गेल्यासारखे वाटते. म्हणून सर्वांत मोठ्या आवाजापासून खाली यायचे.

यानंतर यंत्र बंद करून दोन ६व्ही६ एकमेकांच्या जागी बसवले. काहीच फरक पडू नये अशी अपेक्षा असते, पण १०० हर्ट्झचा घटक ३८ वरून २२ वर उतरला. मग १२एएक्स७ काढून ठेवला, तेव्हा तो ३० झाला, आणि ५० हर्ट्झचा घटक जवळजवळ नाहीसा झाला. १२एवाय७ काढल्याने मात्र शून्य व्हॉल्यूमवर काहीच बदलले नाही.

३८ आणि २२ यांची सरासरी ३० येते, आणि १२एएक्स७ काढल्यावरचा आकडाही ३० आहे, हा योगायोग नाही. १०० हर्ट्झची गुणगुण दोन ठिकाणांहून येत आहे : ३० मिलिव्होल्ट शेवटच्या टप्प्यातून आणि ८ मिलिव्होल्ट त्याच्या आधीच्या टप्प्यातून. दोन्ही एकाच रेक्टिफायरची अपत्ये असल्यामुळे त्यांची चाल बांधलेली आहे. ६व्ही६च्या एका मांडणीत त्यांची बेरीज होते, तर उलट मांडणीत वजाबाकी. ५० हर्ट्झचा घटक १२एएक्स७च्या आसपास शिरतो, हेही याच चाचणीत समजले.

१५ जून

एचटीच्या फिल्टरचे तिन्ही कपॅसिटर सर्किटमधून सोडवून मोजले. तिन्हींवर १६ मायक्रोफॅरड लिहिलेले आहे. प्रत्यक्षात पहिला ११, दुसरा १३ आणि तिसरा ४ भरला. तिसऱ्याच्या टोकाशी रबरी बूच किंचित फुगलेले होते आणि तारेच्या मुळाशी तपकिरी, चिकट थर जमला होता.

पहिल्या कपॅसिटरवर जो चढउतार येतो तो दुसऱ्यापर्यंत ५ किलोओहममधून आणि तिसऱ्यापर्यंत आणखी २२ किलोओहममधून जातो. १६ मायक्रोफॅरडचा १०० हर्ट्झला होणारा अडथळा सुमारे १०० ओहम असतो. म्हणजे कपॅसिटर धड असतील तर पहिल्या पायरीला चढउतार पन्नासाव्या हिश्श्यावर आणि दुसरीला त्याच्याही दोनशेविसाव्या हिश्श्यावर यायला हवा. तिसरा कपॅसिटर चौथाईवर आल्यावर ही दुसरी पायरी तितकीच कमजोर होते आणि १२एएक्स७ला अशुद्ध एचटी मिळते. शिवाय हा आराखडा ६० हर्ट्झच्या देशात जन्मला. दोन भरण्यांमधला काळ आपल्याकडे लांबतो, त्यामुळे त्याच कपॅसिटरवर चढउतार मुळातच सुमारे २० टक्के जास्त राहतो.

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचे कपॅसिटर मिळाले. ४७ किंवा १०० घालण्याचा मोह अनेकांना होतो. पण ५वाय३ हा जुन्या घडणीचा रेक्टिफायर आहे आणि पहिला कपॅसिटर फार मोठा केला तर चालू होतानाचा प्रवाहाचा झटका त्याला सोसत नाही. २२ वर थांबणे इष्ट.

मुद्दाम एकेक करून बदलले. ६व्ही६ची मांडणी २२ मिलिव्होल्टवाली, म्हणजे वजाबाकीची ठेवली आणि फक्त तिसरा कपॅसिटर नवा घातला. गुणगुण कमी होण्याऐवजी २८.५ मिलिव्होल्टवर गेली. ९ जूनचा हिशेब नसता तर नवा कपॅसिटर खराब निघाला असे समजून मी तो काढून टाकला असता. प्रत्यक्षात तो आपले काम चोख करत होता : आधीच्या टप्प्याचे ८ मिलिव्होल्ट दीडवर आले, आणि शेवटच्या टप्प्यातील ३० मिलिव्होल्टमधून वजा व्हायला आता काही उरले नाही. एक दोष दुसऱ्या दोषाला झाकत असेल, तर त्यांतला एक दूर केल्यावर आवाज वाढणे हे बरोबर दिशेचे लक्षण असू शकते.

यानंतर पहिले दोन कपॅसिटर बदलले आणि १०० हर्ट्झचा घटक १४ मिलिव्होल्टवर आला. ६व्ही६ पुन्हा अदलाबदल करून पाहिले. आता फरक जाणवण्याइतका पडत नाही. आधीच्या टप्प्याचा प्रश्न मिटला.

२२ जून

उरलेले १४ मिलिव्होल्ट ६व्ही६च्या जोडीचे आहेत. पुश-पुल जोडणीत पहिल्या कपॅसिटरवरचा चढउतार आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (६व्ही६ आणि स्पीकर यांच्यामधल्या) दोन्ही अर्ध्या गुंडाळ्यांत सारखाच आणि विरुद्ध दिशेने जातो, त्यामुळे तो आपोआप नाहीसा व्हायला हवा. इतका कमी फिल्टर या आराखड्याला चालतो तो याच भरवशावर. पण त्यासाठी दोन्ही व्हॉल्व्हमधून सारखा प्रवाह वाहायला हवा.

दोन्ही ६व्ही६ना मिळून कॅथोडला (व्हॉल्व्हमधील इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) २५० ओहमचा एकच रेझिस्टर असल्यामुळे प्रत्येकाचा प्रवाह तिथे वेगळा मोजता येत नाही. त्याऐवजी यंत्र बंद असताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक अर्ध्याचा डीसी रोध मोजला आणि चालू असताना त्याच टोकांवरची व्होल्टेजची घट मोजली. एक अर्धा ११८ ओहमचा आणि घट ४.६ व्होल्ट, म्हणजे ३९ मिलिअँपिअर. दुसरा १३१ ओहमचा आणि घट ४.१ व्होल्ट, म्हणजे ३१ मिलिअँपिअर. नुसती घट पाहिली असती तर तफावत निम्मीच वाटली असती, कारण बाहेरची गुंडाळी लांब असल्यामुळे तिचा रोध जास्त असतो. ३९ मिलिअँपिअरवाल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकावर) जवळजवळ १३ वॅट खर्च होत होते, आणि ६व्ही६ची जुन्या तक्त्यांतील मर्यादा १२ वॅटची आहे. तो लवकर थकला असता.

जुळवलेली नवी जोडी मागवली. ती ३५ आणि ३४ मिलिअँपिअरवर स्थिरावली. १०० हर्ट्झचा घटक आता ३ मिलिव्होल्ट आहे, आणि आजवर मागे दडलेले ५० हर्ट्झचे ६ मिलिव्होल्ट आता सगळ्यांत मोठे झाले आहेत. कानालाही हा बदल कळतो : भुंग्यासारखा आवाज गेला आहे आणि त्याच्या जागी एक मऊ, खोल हुंकार राहिला आहे.

६ जुलै

फिलामेंटची मांडणी १९५०च्या दशकातील पद्धतीची आहे : ६.३ व्होल्टच्या गुंडाळीचे एक टोक चॅसीला, म्हणजे यंत्राच्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेले, दुसऱ्या टोकाची एकच तार व्हॉल्व्ह ते व्हॉल्व्ह फिरवलेली आणि परतीचा रस्ता चॅसीतून. दोन ६व्ही६ प्रत्येकी ०.४५ अँपिअर आणि दोन लहान व्हॉल्व्ह प्रत्येकी ०.३ अँपिअर, म्हणजे दीड अँपिअर एसी त्याच पत्र्यातून वाहतो ज्याला बाकीचे सर्किट शून्य मानते. त्या काळी स्पीकर आणि पेटी खालचे स्वर फारसे देत नसत, म्हणून ते चालून गेले असावे, असा माझा तर्क आहे.

ती तार पूर्ण काढली. दोन तारा घट्ट पीळ देऊन चॅसीच्या कोपऱ्याकोपऱ्याने नेल्या आणि प्रत्येक सॉकेटवर वरून उतरवल्या, म्हणजे ग्रिडच्या (व्हॉल्व्हच्या ज्या टोकाला संकेत दिला जातो त्याच्या) तारांपासून त्या शक्य तितक्या दूर राहतील. गुंडाळीला मध्यबिंदू नसल्यामुळे १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून तो तयार केला. चॅसीला जोडलेले जुने टोक आधी सोडवणे अर्थातच आवश्यक होते. दोन रेझिस्टरमधला सांधा चॅसीला न देता ६व्ही६च्या कॅथोडला जोडला. तिथे १८.७ व्होल्ट डीसी आयतेच मिळते. १२एएक्स७च्या दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे दोन ६व्ही६ना एकमेकांच्या उलट संकेत देणाऱ्या फेज इन्व्हर्टरमध्ये, कॅथोड जमिनीपासून बऱ्याच वरच्या व्होल्टेजवर असतो. फिलामेंट शून्यावर असेल तर त्यातून कॅथोडकडे गळती होण्यास ते सोयीचे ठरते. फिलामेंट वर उचलल्याने ही गळती आटते.

५० हर्ट्झचा घटक ६ वरून १.१ मिलिव्होल्टवर आला. ९ जूनला हेच काम केले असते तर ते ऐकूही आले नसते.

१३ जुलै

व्हॉल्यूम वाढवल्यावरची घरघर. गिटार न लावता पहिल्या चॅनेलचा व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवला तर १०० हर्ट्झचा घटक ११ मिलिव्होल्ट भरतो, आणि लॅपटॉपवर त्याची पटीतील कंपने पार एक हजार हर्ट्झपर्यंत दिसतात. गुळगुळीत चढउताराला इतकी टोके नसतात. ही कपॅसिटर भरताना जाणाऱ्या प्रवाहाच्या अरुंद, उंच झटक्यांची खूण आहे. हे झटके कुठेतरी पहिल्या टप्प्याच्या जमिनीतून जात आहेत.

तपासल्यावर रस्ता सापडला. एचटीच्या गुंडाळीचा मध्यबिंदू मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली दाबलेला, आणि तिन्ही कपॅसिटरची ऋण टोके एकत्र करून थेट इनपुट जॅकपाशी चॅसीला जोडलेली. म्हणजे प्रत्येक झटका ट्रान्सफॉर्मरपासून कपॅसिटरपर्यंत जाताना संपूर्ण चॅसी आडवी ओलांडत होता, आणि नेमका तिथेच पहिल्या ग्रिडचा शून्यबिंदू होता.

मध्यबिंदूची तार बोल्टखालून काढून थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला जोडली, जेणेकरून झटके त्या छोट्या फेऱ्यातच फिरावेत. त्या टोकापासून एक जाड तार काढून तिच्यावर क्रमाने ६व्ही६चा कॅथोड, दुसरा कपॅसिटर, तिसरा कपॅसिटर, १२एएक्स७ आणि शेवटी १२एवाय७ यांची ऋण टोके लावली. ही तार चॅसीला फक्त इनपुट जॅकपाशी मिळते. मेन्सचे अर्थिंग वेगळ्या बोल्टवर, केबल आत येते तिथेच, आणि त्या बोल्टवर दुसरे काहीही नाही. घरघर ११ वरून २ मिलिव्होल्टवर आली, आणि शून्य व्हॉल्यूमवरचे ३ मिलिव्होल्टही १.४ झाले.

२० जुलै

आठवडाभर पावसाची झड आहे आणि चटचट वाढली आहे. ती व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त होते आणि फक्त पहिल्या चॅनेलवर येते. १२एवाय७ बदलूनही ती राहिली. बांबूच्या काडीने सांधे आणि सुटे भाग हलवून पाहिले. कुठेही फरक नाही. मग केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा त्या बाजूच्या १०० किलोओहमच्या प्लेट रेझिस्टरवर धरली, तेव्हा चटचट आधी दाट झाली आणि मिनिटभरात जवळजवळ थांबली. थंड झाल्यावर ती परत आली.

हे रेझिस्टर कार्बन कॉम्पोझिशनचे आहेत. कार्बनचे कण आणि राळ यांच्या त्या घडणीत ओल शिरते आणि कणाकणांमधला संपर्क अस्थिर होतो. हा १०० ऐवजी १२८ किलोओहम भरला. या प्रकारच्या रेझिस्टरचा जादा आवाज त्याच्यावर किती डीसी व्होल्टेज पडते त्यानुसार वाढतो. प्लेट रेझिस्टरवर शंभराहून अधिक व्होल्ट असतात, तर ग्रिडच्या रेझिस्टरवर जवळजवळ काहीच नसते. म्हणून १२एवाय७चे दोन्ही प्लेट रेझिस्टर मेटल फिल्म, १ वॅटचे घातले आणि बाकीच्यांना हात लावला नाही. सगळेच रेझिस्टर बदलून टाका हा सल्ला सर्रास दिला जातो. तो खर्चिक आहे आणि त्यातून नवे कच्चे सांधे तयार होण्याचा धोका अधिक.

बटण फिरवतानाच्या खरखरीचे कारणही याच चॅनेलवर होते. व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरवर १.४ व्होल्ट डीसी मिळाले, जिथे शून्य असायला हवे. प्लेटकडून येणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गळत होता. तो ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीनचा घातला. स्प्रे मारून आठवडाभरापुरती गप्प होणारी खरखर पुष्कळदा याच जातीची असते.

आता चालू आवाजात फक्त सूक्ष्म फुसफुस आहे. इनपुटचे ६८ किलोओहमचे दोन रेझिस्टर समांतर मिळून ३४ किलोओहम होतात आणि दहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात खोलीच्या तापमानाला त्यांचा स्वतःचाच आवाज सुमारे २.४ मायक्रोव्होल्ट असतो. रेझिस्टरचा कोणताही प्रकार घातला तरी हा भाग जात नाही. मालकाने १२एवाय७च्या जागी १२एएक्स७ घालण्याबद्दल विचारले होते. १२एएक्स७चा वर्धनांक (संकेत वाढवण्याच्या क्षमतेचा आकडा) १००, १२एवाय७चा ४४. फुसफुस त्या प्रमाणात वर येईल. मी नको असे सुचवले.

३ ऑगस्ट

माझ्या टेबलावर शांत असलेला अ‍ॅम्प्लिफायर मालकाच्या तालमीच्या खोलीत गिटार लावताच पुन्हा घरघरू लागला. गिटारची केबल काढली की तो गप्प होतो, आणि गिटार हातात धरून जागेवर वळले की घरघर कमीजास्त होते. म्हणजे ती गिटारचे सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपने टिपणारी एकेरी गुंडाळी) पकडत आहे, अ‍ॅम्प्लिफायर निर्माण करत नाही.

पंख्याचा रेग्युलेटर बंद केला आणि बरीचशी घरघर गेली. हा ट्रायॅकचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) रेग्युलेटर आहे. तो प्रत्येक अर्ध्या तरंगाचा तुकडा कापतो आणि त्या कडेची कंपने भिंतीतल्या तारांवर पसरतात. मधल्या वेगाला तो सर्वांत वाईट, पूर्ण वेगाला बराच सौम्य. कपॅसिटरचा, टप्प्याटप्प्याने फिरणारा रेग्युलेटर लावला तर हा त्रास मुळातच राहत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट सॉकेटमध्ये होती. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३१ व्होल्ट, पण फेज आणि अर्थमध्ये मीटर ९० ते १२० यांत भटकत होता. अर्थची पिन कुठेही जोडलेलीच नाही. गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या चॅसीशी जोडलेल्या असतात, म्हणजे वादकाचे बोट हाच अर्थ होण्याची शक्यता. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घेईपर्यंत तिथे यंत्र चालवू नये, असे मालकाला सांगितले आणि अ‍ॅम्प्लिफायर परत घेऊन आलो. वीज गेल्यावर त्याच खोलीत जुना, चौकोनी तरंगाचा इन्व्हर्टर चालतो. त्यावर मेन्स ट्रान्सफॉर्मर स्वतःच खणखणतो, तेव्हा इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर लावायचा नाही हेही कळवले.

१७ ऑगस्ट

अर्थिंग झाल्यावर त्या खोलीत पुन्हा मोजले : फेज ते अर्थ २३० व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ १.२ व्होल्ट. दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर असताना स्पीकरवर एकत्रित १.८ मिलिव्होल्ट. उरलेल्यात काही भाग मेन्स ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरल्याचा आहे. सगळे व्हॉल्व्ह काढून आउटपुटला हेडफोन लावला तरी तो मंद ऐकू येतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवला तर तो आणखी घटेल, पण त्यासाठी चॅसीला नवी छिद्रे पाडावी लागतील. मालकाला ती नको आहेत. १२एवाय७चा एक जादा नग आणि दोन १ अँपिअरचे फ्यूज मागच्या फळीच्या आत पिशवीत ठेवून यंत्र परत दिले.